सही तुमचीच लागते

जळगाव जिल्ह्यातील एका भगिनीने हे पत्र पाठवले आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि काही तपशील गाळून त्याचा सारांश येथे देत आहे. त्यांचे वय ३१; घरची थोडी केळीची बाग; पदरी नऊ आणि पाच वर्षांच्या दोन मुली, धाकटीच्या वेळी सिझर झालेले. लग्नामुळे सुटलेले शिक्षण त्यांनी मुक्त विद्यापीठातून पुन्हा सुरू केले असून पदवीचे शेवटचे वर्ष चालू आहे. निरोध वापरूनही दिवस गेले. पाळी चुकून महिना झाला, म्हणून ‘एक महिन्याचे आहे’ असे त्या लिहितात. त्यांना हे मूल नको आहे. गर्भ पाडणे महापाप आहे, असे सासूबाई म्हणतात. मात्र त्यांचे पुढचे वाक्य असे : ‘पह्यले तपासी ल्या, आंडोर व्हई ते ठेवा’ (आधी तपासून घ्या, मुलगा असेल तर ठेवा). त्यासाठी आणखी दीड-दोन महिने थांबायचे आणि राज्याच्या सीमेपलीकडील एका शहरात ओळखीने सोनोग्राफी करून घ्यायची, असे घरात ठरत आहे. पती ‘आई म्हणते तसे करू’ यापलीकडे बोलत नाहीत. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात त्या एकट्या गेल्या, तेव्हा ‘नवऱ्याची सही लागेल, त्यांना घेऊन या’ असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. शाळेत ‘लेक वाचवा’च्या प्रभातफेरीत घोषणा देणारी मी आज कोणत्या बाजूला उभी आहे, असे विचारून त्या शेवटी लिहितात : ‘कायद्याने हे चालते का, आणि चालत असले तरी ते बरोबर आहे का?’

ताई,

तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी तुमच्या पत्रातील एक हिशेब दुरुस्त करणे भाग आहे. सदराची वाट न पाहता तो तुम्हाला आधीच कळवला आहे. इतरांच्या उपयोगासाठी येथे पुन्हा लिहिते. गर्भाचे वय पाळी चुकल्या दिवसापासून मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे तुम्ही ज्याला एक महिना म्हणता, ते डॉक्टरांच्या हिशेबाने सुमारे आठ आठवडे आहेत. आपल्याकडे गोळ्यांनी गर्भपात करण्याची मुभा नऊ आठवड्यांपर्यंतच आहे. त्यापुढे छोटी शस्त्रक्रिया करावी लागते. तीही सुरक्षित असते, परंतु बारा आठवडे उलटल्यानंतर ती प्रत्येक मान्यताप्राप्त दवाखान्यात होतेच असे नाही, त्यासाठी अधिक सोयी असलेले केंद्र आणि अधिक अनुभवी डॉक्टर लागतात. घरातले लोक ‘थोडे थांबू’ म्हणतात तेव्हा ते काहीच न ठरवता वेळ घेत आहेत असे वाटते; प्रत्यक्षात प्रत्येक आठवड्यागणिक तुमच्या हातातला एकेक मार्ग कमी होत असतो.

आता कायदा. गर्भपात हा आपल्या दंडविधानात आजही मुळात गुन्हाच आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये आहे. असुरक्षित गर्भपातामुळे स्त्रिया मोठ्या संख्येने दगावत असल्याने शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये एक समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींवरून १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. म्हणजे मूळ गुन्हा तसाच ठेवून त्याला पाडलेली ही कायदेशीर वाट आहे. तुमच्यासारख्या स्त्रीला ती पूर्णपणे खुली आहे : वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत व पात्र डॉक्टरचे मत पुरते, आणि संततिनियमनाचे साधन निकामी ठरल्याने राहिलेल्या नको असलेल्या गर्भाचा मनस्ताप हा स्त्रीच्या मानसिक आरोग्यास गंभीर इजा करणारा आहे असे कायदा स्वतःच गृहीत धरतो. निरोध वापरला होता याचा पुरावा तुमच्याकडे कोणी मागू शकत नाही. तुमचे सांगणे पुरेसे आहे. याखेरीज, स्त्रीची आजची आणि पुढे सहज दिसणारी परिस्थितीही डॉक्टरांनी विचारात घ्यावी, असे त्याच कलमात म्हटले आहे. तुमचे सिझर, दोन लहान मुली आणि शेवटच्या वर्षाची परीक्षा हे सगळे त्यात येते.

तुमच्या लक्षात आले असेल की या मांडणीत ‘हक्क’ हा शब्द कुठेच नाही. निर्णय स्त्रीच्या इच्छेवर न सोडता डॉक्टरांच्या मतावर बेतलेला आहे, आणि माझ्या मते या कायद्याचे हेच सर्वांत मोठे उणेपण आहे. ती उणीव न्यायालयांनी थोडीफार भरून काढली. मूल जन्माला घालावे की घालू नये हे ठरवणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कारागृहातील स्त्रियांच्या संदर्भात हाच अधिकार विवाहित-अविवाहित असा भेद न करता मान्य केला. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत वाढवली, आणि साधन निकामी ठरण्याच्या तरतुदीतील ‘विवाहित स्त्री व तिचा पती’ हे शब्द जाऊन तेथे ‘स्त्री व तिचा जोडीदार’ आले. पुढे २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांच्या सवलतीतून अविवाहित स्त्रियांना वगळता येणार नाही, असे ठरवले.

त्याच निकालात तुमच्या सहीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला फक्त तिची स्वतःची लेखी संमती लागते. पतीची, सासऱ्याची किंवा वडिलांची लागत नाही. स्त्री अठरा वर्षांखालील असेल किंवा मानसिक आजाराने ग्रस्त असेल, तरच पालकाची संमती लागते. डॉक्टर कायद्यात नसलेल्या अटी घालतात, कुटुंबीयांची संमती मागतात, कागदपत्रे मागतात, याबद्दल न्यायालयाने त्या निकालात नाराजी नोंदवली आहे. तुम्हाला परत पाठवणाऱ्या दवाखान्याने जे सांगितले, तो त्यांच्या सोयीचा नियम होता, कायद्याचा नव्हता.

असे नियम का पडतात, हेही समजून घ्यायला हवे, कारण ते कारण आपल्या भागाशी जोडलेले आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ८८० होती, ती २०११ च्या जनगणनेत ८५० च्याही खाली गेली. राज्यातील सर्वांत वाईट जिल्ह्यांत आपले नाव आले, तपासण्या वाढल्या, सोनोग्राफी केंद्रांवर कारवाया झाल्या, आणि ते सर्व आवश्यकच होते. मात्र दवाखान्यांच्या भिंतींवरील फलक वाचून सामान्य माणसाच्या मनात ‘गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे’ आणि ‘गर्भपात हा गुन्हा आहे’ ही दोन वाक्ये एकच होऊन बसली. दोन मुलींची आई गर्भपातासाठी आली की डॉक्टरच्या मनात आधी भीती येते. नवऱ्याची सही घेतली म्हणजे उद्याचे भांडण आणि चौकशी दोन्ही टळेल, असा तो हिशेब असतो. त्यात पिळवटली जाते ती तुमच्यासारखी स्त्री, जिने लिंगाची चौकशीसुद्धा केलेली नाही. आठव्या आठवड्यात सोनोग्राफीने मुलगा-मुलगी कळतच नाही, त्यामुळे लवकर आलेल्या स्त्रीवर असा संशय घेण्याला काही आधारच नसतो, ही साधी गोष्ट दवाखान्यांनी ध्यानात घ्यायला हवी.

येथेच तुमच्या प्रभातफेरीच्या प्रश्नाला हात घालते. तुम्ही दिलेल्या घोषणा आणि तुमची आजची इच्छा यांत मला विरोध दिसत नाही. त्या घोषणा मुलगी म्हणून कोणाला नाकारू नये यासाठी होत्या. स्त्रीने प्रत्येक गर्भ वाढवलाच पाहिजे, असे त्या सांगत नव्हत्या. तुम्हाला तिसरे मूल नको आहे. तुमच्या घरातल्यांना तिसरी मुलगी नको आहे. बाहेरून कृती एकच दिसली तरी पहिल्या निर्णयात स्त्री आपल्या शरीराविषयी आणि आयुष्याविषयी ठरवते, तर दुसऱ्यात अख्खे घर मिळून मुलीच्या जातीचे मोल ठरवते.

तरीही एक प्रश्न तुम्ही स्वतःला विचारावा असे मला वाटते, आणि त्याचे उत्तर मला कळवण्याची गरज नाही. हा मुलगाच आहे असे आज कोणी खात्रीने सांगितले, तर तुमचा निर्णय हाच राहील का? राहणार असेल, तर तुमचे मन पक्के आहे आणि बाकीच्या गोंगाटाकडे फार लक्ष देऊ नका. राहणार नसेल, तर स्वतःला दोष देऊ नका, पण एवढे ओळखा की तुम्हाला भीती मुलाची नसून तिसऱ्या मुलीनंतर घरात जे ऐकावे लागेल त्याची आहे. त्या भीतीवर गर्भपात हा फार तोकडा उपाय आहे, कारण मुलगा होईपर्यंत ऑपरेशन नाही हे घरचे धोरण कायम राहिले, तर वर्ष-दीड वर्षात तुम्ही पुन्हा याच जागी उभ्या असाल. तुमच्या पत्रातली शिक्षणाविषयीची ओढ वाचून माझा अंदाज पहिल्या उत्तराकडे झुकतो. पण तो परक्या माणसाचा अंदाज आहे.

‘ते बरोबर आहे का?’ या प्रश्नाला टाळून पुढे जाणार नाही. गर्भ म्हणजे काहीच नाही, नखा-केसांसारखी शरीराची एक बाब आहे, असे मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्हाला ते पटणारही नाही, कारण दोन वेळा तुम्ही तो वाढताना अनुभवला आहे. आपल्या धर्मशास्त्रात भ्रूणहत्या महापातकांच्या बरोबरीने सांगितली आहे आणि इतर धर्मांतही तिला कडक विरोध आहे. गर्भधारणेपासूनच पूर्ण माणूस मानणाऱ्यांचा विश्वास प्रामाणिक असू शकतो. पण त्या विश्वासाची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न उरतोच. आयर्लंडमध्ये २०१२ साली सविता हलप्पनवार या मूळच्या कर्नाटकातील दंतवैद्य स्त्रीचा गर्भपात होऊ घातला होता. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून तिने मागूनही डॉक्टरांनी तो पूर्ण केला नाही आणि जंतुसंसर्गाने ती गेली. त्या देशाने २०१८ मध्ये सार्वमत घेऊन आपले संविधान बदलले. उलट अमेरिकेत १९७३ पासून मिळालेले संरक्षण तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये काढून घेतले. आपल्याकडील वाद इतका टोकाला गेला नाही, कारण आपला कायदा मधल्या वाटेने चालतो : गर्भ लहान असताना स्त्रीच्या बाजूला अधिक वजन, आणि तो जसजसा आईबाहेर जगू शकण्याच्या अवस्थेजवळ येतो तसतसे त्याच्या बाजूला अधिक. मला ही पायऱ्यापायऱ्यांची भूमिका नैतिकदृष्ट्याही अधिक समंजस वाटते, आणि तुम्ही त्या वाटेच्या अगदी सुरुवातीला आहात.

सासूबाईंच्या पापाबद्दल मात्र थोडे कठोर लिहिते. आठव्या आठवड्यात जे महापाप आहे, ते चौथ्या महिन्यात, गर्भ कितीतरी मोठा झाल्यावर, केवळ तो मुलीचा निघाला म्हणून कसे चालते? पापाची त्यांना खरोखर चाड असती, तर तपासणीचा विषयच निघाला नसता. याच मातीत १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे आणि मूल तेथेच ठेवून जावे, असे त्यांचे सांगणे होते. पाप पाप म्हणून त्या स्त्रियांना हाकलणारे समाजात पुष्कळ होते. दार उघडून देणारे हे दोघेच निघाले.

तपासणीच्या बेताला तुम्ही स्पष्ट नकार द्या, मग तुमचा गर्भपाताचा निर्णय काहीही होवो. लिंग विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हे आहेत. तपासणीसाठी नेणाऱ्या नातेवाइकांना पहिल्याच गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. राज्याची सीमा ओलांडली म्हणून कायदा बदलत नाही. अशा प्रकरणात पती किंवा नातेवाइकांनीच स्त्रीवर बळजबरी केली असे न्यायालय गृहीत धरते, विरुद्ध सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावर असते, आणि बळजबरी झालेल्या स्त्रीला शिक्षा होत नाही. हे पतीच्या कानावर शांतपणे घाला. ‘आई म्हणते तसे’ करणाऱ्या मुलालाही तुरुंगाचा उल्लेख ऐकू येतो.

पतीला सांगावे की सांगू नये, याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण पत्रभर तोच प्रश्न पसरला आहे. कायदा तुम्हाला सांगण्याची सक्ती करत नाही. डॉक्टरांनी तुमचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे आणि ते फोडल्यास एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. मारहाणीचा किंवा बळजबरीने नेले जाण्याचा धोका असेल, तर न सांगता जाण्यात मला फसवणूक दिसत नाही. मग मात्र आईला, बहिणीला किंवा विश्वासातल्या एखाद्या बाईला सोबत घ्या. तसा धोका नसेल, तर एकदा सासूबाईंच्या गैरहजेरीत, शेतावर किंवा मोटारसायकलवरून जाताना, त्यांच्याशी बोलून पाहावे असे मी सुचवेन. परवानगी मागू नका. ठरवले आहे ते सांगा, आणि सोबत येता का एवढेच विचारा. गप्प बसणारे पुष्कळ पुरुष मनातून आईच्या बाजूचे नसतात. त्यांना फक्त दोन बायकांच्या मध्ये उभे राहायचे नसते. त्या गप्प राहण्याची भरपाई मात्र दर वेळी तुमच्या शरीराने करावी लागते, हेही त्यांना ऐकवायला हरकत नाही.

आणि विचारांती तुम्हाला मूल ठेवावेसे वाटले, तर तोही तितकाच तुमचा निर्णय आहे. या उत्तराचा दबाव घेऊ नका.

गर्भपात करायचे ठरले, तर पती किंवा कोणी औषधांच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या घरी घेऊ नका. आधी सोनोग्राफी झालीच पाहिजे : गर्भ गर्भाशयाबाहेर नळीत असेल, तर गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटून जिवावर बेतते. तुमचे आधीचे सिझरही डॉक्टरांना सांगा. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात, अथवा जळगाव, धुळे, नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत स्त्रीरोग विभागात जा. खासगी दवाखाना निवडलात, तर तो गर्भपातासाठी मान्यताप्राप्त आहे का, हे विचारा. आधार कार्ड आणि जुने सिझरचे कागद जवळ असू द्या. कोणी पतीची सही मागितली, तर ‘मी सज्ञान आहे, कायद्याने माझी संमती पुरते’ एवढे एकच वाक्य म्हणा, आणि तरीही नकार आला तर तो लेखी मागा. लेखी नकार द्यायला सहसा कोणी धजावत नाही. अडचण आल्यास आरोग्य सल्ल्यासाठी १०४ आणि घरातील जाचासाठी १८१ या क्रमांकांवर बोलता येते. गोळ्या घेतल्यावर सलग दोन तास तासाला दोन मोठे पॅड भिजतील इतका रक्तस्राव झाला, ताप राहिला किंवा घेरी आली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

हे उत्तर वाचणाऱ्या इतर काही जणींसाठी थोडे. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातच दिवस जातो. त्यामुळे पाळी चुकली की आठवडाभरात आशाताईंकडून तपासणीची पट्टी घ्यावी. मुलगी अठराच्या आतली असेल, तर पोक्सो म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे डॉक्टरांना भाग असते, पण २०२२ च्या निकालानुसार मुलीने व पालकांनी विनंती केल्यास त्या अहवालात तिचे नाव उघड करण्याची गरज नाही. त्या धास्तीने मुलीला भोंदूकडे नेऊ नका. विधवा झालेल्या वा घटस्फोट झालेल्या, अत्याचार सोसलेल्या, अपंग किंवा अल्पवयीन अशा स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. पतीने केलेला बलात्कारही न्यायालयाने या कायद्यापुरता त्यात धरला आहे. त्यापुढे फक्त गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने, किंवा आईचा जीव वाचवण्यासाठी. उशीर झाला की काय होते, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये दिसले : दोन मुलांची आई, तिसऱ्यांदा गर्भवती, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराची औषधे चालू, पाळीच आली नसल्याने गर्भाचा पत्ता उशिरा लागलेला. सव्वीस आठवडे उलटले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने अखेर परवानगी नाकारली.

एक गोष्ट डॉक्टरकडेच उरकून या. शस्त्रक्रियेने गर्भपात झाला आणि जंतुसंसर्ग नसेल, तर त्याच वेळी तांबी बसवता येते. गोळ्यांनी झाला, तर तो पूर्ण झाल्याची तपासणी करताना बसवता येते. आणि पुढच्या ऑपरेशनची गोष्ट निघेल तेव्हा ते तुमचेच असले पाहिजे, हे गृहीत धरू देऊ नका. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी स्त्रीच्या ऑपरेशनपेक्षा लहान असते, पोट उघडावे लागत नाही आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. फक्त त्यानंतर तीन महिने, वीर्याची तपासणी स्वच्छ येईपर्यंत, दुसरे साधन वापरावे लागते.